माहेरी परतलेली लेक

लेक घटस्फोट घेऊन माहेरी आली की आपल्या वस्तीत पहिली चर्चा होते ती नळावर. "आता हिचं कसं व्हायचं?" या स्मरणिकेच्या निमित्ताने अशा आयाबायांना आम्ही थोडा मागचा इतिहास सांगू इच्छितो.

आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी मोडलेला संसार ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पटेनासं झालं की पंचांसमोर काडीमोड होई. बाई बापाच्या घरी येई आणि पुढे पाट लावून नव्याने संसार मांडी. वरच्या जातींतल्या बाईला मात्र ही वाट बंद होती. घटस्फोट ही बाहेरून आणलेली चीज नव्हे, बहुसंख्य शूद्र समाजात तो रूढच आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाच्या चर्चेत ठासून सांगितलं होतं. अर्थात पाटाला लग्नाचा मान नव्हता, हेही खरं. तो बहुधा रात्रीच लागे.

बिल रखडलं आणि 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढे 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्यातली एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नवरा मारतो, छळतो, एवढ्यावर तेव्हा घटस्फोट मिळत नव्हता. आधी कोर्टातून वेगळं राहण्याचा हुकूम घ्यायचा, मग दोन वर्षं थांबून घटस्फोटाचा अर्ज करायचा. निकाल लागला तरी दुसऱ्या लग्नासाठी आणखी एक वर्ष! 1976 च्या दुरुस्तीने छळ हे थेट कारण झालं, परस्पर संमतीचा घटस्फोटही आला. मधल्या एकवीस वर्षांत किती लेकी आईबापाच्या एका खोलीत ताटकळल्या असतील?

त्यातल्या एक आक्का आमच्याच चाळीत होत्या. शिलाई मशीनवर त्यांनी पोरगा शिकवला. भावाचं लग्न झालं तशी त्यांची वळकटी गॅलरीत गेली.

घरावरच्या हक्काचंही तसंच. 1956 च्या वारसा कायद्याने बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीला मुलाबरोबर वाटा दिला. पण राहत्या घरात भाऊ वाटणी करेपर्यंत तिला वाटणी मागता येत नव्हती. तिथे राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. हे कलम 2005 साली निघालं. आता लग्न झालेली असो की मोडलेली, वारस म्हणून ती भावासारखीच वाटणी मागू शकते.

हे झालं स्वतःच्या मालकीच्या घराचं. भाड्याच्या खोलीत पावती कुणाच्या नावावर आहे, ते आईबाप हयात असतानाच बघून ठेवावं. आक्कांच्या खोलीची पावती भावाच्या नावावर होती.