परवलीचा शब्द आणि पेटीची किल्ली



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, उसन्या पुस्तकांवरून. या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कुणी विचारले तर आम्ही एका पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवू. तिच्यात सभासदांची नोंदवही असे आणि किल्ली चिटणिसांच्या खिशात. कारण एका कारखान्यात तशी यादी मालकाच्या टेबलावर पोचली आणि पुढच्या पगाराच्या आत अकरा माणसे घरी बसली.

पुढे यादी संगणकात गेली. यंत्र सुरू करताना ते परवलीचा शब्द विचारी, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एकदा यंत्र बिघडले. दुरुस्तीवाल्या पोराने आतली डिस्क काढून स्वतःच्या यंत्राला जोडली आणि कोणताही शब्द न विचारता आमचे सारे सभासद पडद्यावर उभे केले. पोरगा प्रामाणिक होता, म्हणून निभावले. परंतु त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. परवलीचा शब्द हा पहारेकऱ्याचा प्रश्न आहे. पहारेकऱ्यालाच बगल दिली, तर आतली पेटी उघडीच! हा फरक पुरता उमगायला जाणत्यांनाही बरीच वर्षे लागली. त्याचाच हा इतिहास.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था दाखवली. यंत्र एक आणि बिऱ्हाडे अनेक, अशी ती चाळ होती. प्रत्येकाच्या फाइली निराळ्या ठेवण्यासाठी परवलीचा शब्द आला. पण सर्वांचे शब्द यंत्रातच एका फाइलीत उघडे लिहिलेले होते. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने शुक्रवारी रात्री छिद्रे पाडलेले एक कार्ड टाकून तीच फाइल छापून मागितली, आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलला. १९६६ साली तर कहर झाला. दोन फाइलींची अदलाबदल होऊन, यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच दिसू लागली!

त्यावर तोड निघाली ती इंग्लंडात, केंब्रिज येथे. १९६० नंतरच्या दशकात रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की शब्द साठवूच नये. गणिताच्या जात्यातून तो दळून त्याचे पीठ तेवढे ठेवावे. जोंधळ्याचे पीठ होते, पिठाचा जोंधळा होत नाही. माणूस आला की त्याने दिलेला शब्द पुन्हा दळावा आणि पीठ जुळते का ते पाहावे. यादी चोरीस गेली तरी चोराच्या हाती पीठच.

तथापि माणसाचा आळस गणिताला पुरून उरतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली ३,२८९ परवलीचे शब्द तपासले, तेव्हा त्यांतले २,८३१ फार आखूड किंवा सरळ शब्दकोशात सापडणारे निघाले. शंभरातले शहाऐंशी!

हा झाला पहारेकऱ्याचा सुधार. पेटीचे काय? त्यासाठी मजकूरच असा बदलावा लागतो की किल्लीवाचून तो कुणाला वाचता येऊ नये. यालाच एन्क्रिप्शन, म्हणजे कूटलेखन म्हणतात. त्याचे मोठे सूत्र १८८३ साली केर्कहॉफ्स या भाषापंडिताने फ्रेंच लष्करी नियतकालिकात मांडले: कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती किल्ली.

१९७७ साली अमेरिकन सरकारने डीईएस हे कूटलेखन प्रमाण मानले. त्याची किल्ली ५६ बिटांची होती, म्हणजे सुमारे ७२० कोटी गुणिले एक कोटी इतक्या किल्ल्या संभवत. ऐकायला प्रचंड, पण डिफी आणि हेलमन या गणितज्ञांनी ती अपुरी असल्याचे तेव्हाच बजावले होते. १९९८ साली एका नागरी संस्थेने अडीच लाख डॉलरांच्या आत खास यंत्र बांधले आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. मग नव्या कुलपासाठी जगाला जाहीर आवाहन झाले. पंधरा रचना आल्या, साऱ्यांनी त्या उघडपणे फोडून पाहिल्या, आणि डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची रचना २००१ साली एईएस या नावाने प्रमाण ठरली. आज आपण फोल्डर कूटबद्ध करतो तेव्हा बहुधा हेच कुलूप लागते आणि आपला परवलीचा शब्द त्याची किल्ली मोकळी करतो. मग डिस्क काढून नेली तरी हाती लागतो तो निरर्थक अक्षरांचा ढीग. मात्र शब्द दुबळा असेल, तर हे कुलूपही दुबळेच.

कुणी म्हणेल, ज्याला दडवायचे तो चोरच असणार. आम्ही विचारतो, मतपेटीला पडदा कशाला? मतमोजणीची रीत सर्वांना ठाऊक असते, आपले मत मात्र आपल्यालाच. केर्कहॉफ्सचे सूत्र तरी याहून निराळे काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याचबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली सरकार मजकूर उलगडून मागू शकते आणि नकार देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही नागरिकाने जाणून असावे.

आमच्या कचेरीत आता यादी कूटबद्ध असते. शब्द लांबलचक आहे. दोन पदाधिकाऱ्यांना तो पाठ आहे आणि मोहोरबंद पाकिटात लिहूनही ठेवला आहे, कारण तो विसरला तर यादी आम्हांलाही उघडणार नाही. ते पाकीट कुठे आहे म्हणाल, तर त्याच जुन्या पत्र्याच्या पेटीत. ज्या गड्याने विश्वासाने आपले नाव आमच्या वहीत लिहिले, त्याची भाकरी त्या नावाला बांधलेली आहे. ते नाव सांभाळणे हे आमचे पहिले काम.