निर्मलचं पोलाद आणि अठरा गेजचा पाइप

आदिलाबादहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इचोड्यावरून पुढे निर्मलला उतरतो. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम म्हणजे गेट, खिडक्यांच्या जाळ्या, शेडचे सांगाडे आणि ट्रॉलीचे पल्ले. बहुतेक माल सोळा-अठरा गेजचा एमएस पाइप, म्हणजे दीड-सव्वा मिलिमीटर जाडीचा. असा पाइप जोडताना कारागिरापुढे एकच प्रश्न असतो: उष्णता किती द्यायची? कमी पडली तर सांधा नुसता वर बसतो, जास्त झाली तर भोक पडतं. या रस्त्यावर हा प्रश्न वेल्डिंग मशीनच्या कितीतरी आधीपासून आहे.

निर्मलच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. आज ते निजामाबाद जिल्ह्यात येतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी तिथे पोचला. तो विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला डॉक्टर आणि भूवैज्ञानिक होता. लॅम्बटन १८२३ मध्ये याच वाटेवर, उत्तरेला हिंगणघाटला वारला, आणि व्हॉयसी पुढच्याच वर्षी गेला. कोनासमुद्रमच्या भट्ट्यांचं त्याचं वर्णन १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. दक्षिणेतल्या पोलादाबद्दल डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या नोंदींत ती आजही अग्रक्रमाने वाचावी अशी आहे.

व्हॉयसीने पाहिलेली पद्धत अशी. आसपासच्या डोंगराळ भागातली काळी, चुंबकाला चिकटणारी वाळू धुऊन घ्यायची आणि तिच्यापासून लोखंड काढायचं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरलेल्या प्रमाणात मातीच्या मुशीत भरायचं, मुशीचं तोंड बंद करायचं आणि भाता न थांबवता रात्रंदिवस आच द्यायची. मूस फोडली की आतून पोलादाची चपटी वडी निघे. ती लगेच विकायची नाही. मातीचा लेप देऊन ती पुन्हा तासन्‌तास तापवायची आणि हळूहळू थंड करायची. हे एकदा करून भागत नसे. तिथे व्हॉयसीला इस्फहानचा एक इराणी व्यापारी भेटला. त्याने सांगितलं की हे गाव आणि ही पद्धत इराणात ठाऊक आहे, तिकडे नक्कल करून पाहिली गेली, पण ती साधली नाही.

नक्कल का साधली नसावी, याचा अंदाज या पोलादाच्या घडणीतून येतो. त्यात कार्बनचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असतं. असं पोलाद लालबुंदच्या पुढे, पांढऱ्या आचेपर्यंत नेलं आणि हातोडा मारला की त्याचा चुरा होतो. युरोपातले लोहार आपलं साधं लोखंड पांढरं तापवूनच घडवत, त्यामुळे हिंदुस्थानातून गेलेल्या वड्या त्यांच्या ऐरणीवर फुटत. मायकेल फॅरेडेने १८१९ नंतरची काही वर्षं याच पोलादाच्या परीक्षणात घालवली. निर्मल परिसरातल्या या कारागिराकडे तापमापक नव्हता. त्याच्याजवळ रंग होता, वेळेचा अदमास होता आणि धीर होता. एवढ्यावर त्याने दमास्कसच्या तलवारींना लागणाऱ्या दर्जाचा माल दिला, ही या प्रदेशाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळींहून जास्त जागा मिळायला हवी.

पुढे बेसेमरने १८५६ मध्ये स्वस्त पोलादाची वाट मोकळी केली. कारखान्याचं लोखंड आगगाडीने गावोगाव पोचू लागलं आणि मुशीच्या भट्ट्या विझत गेल्या. लोहार मात्र राहिला, कारण बैलगाडी राहिली.

गाडीच्या चाकावर चढवायची धाव म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं. पट्टी वाकवायची, दोन्ही टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, वर वाळू टाकायची म्हणजे पृष्ठभागावरचा मळ वितळून निघून जातो, आणि झटपट ठोकून टोकं एकजीव करायची. कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवलेलं असे. ते तापवून फुगवायचं, लाकडावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना ते आवळतं आणि आरे-पुठ्ठे घट्ट धरून ठेवतं. सांधा कच्चा राहिला तर याच क्षणी तुटतो. म्हणजे जोड टिकला की नाही, याची परीक्षा गिऱ्हाइकासमोरच होई.

मग रबरी टायरची डनलप गाडी आली आणि धाव चढवण्याचं काम ओसरत गेलं. लोहाराच्या हातात रॉडचा होल्डर आला. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडण्याचं तंत्र रशियात बेनार्डोसने १८८०च्या दशकात दाखवलं होतं आणि स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेप दिलेला रॉड बनवला. भारतात तो स्वातंत्र्यानंतर कारखान्यांतून आणि मग गावातल्या दुकानांतून पसरला. जाड अँगल, नांगराचा फाळ, ट्रॉलीची चेसिस यांच्यासाठी रॉड उत्तम आहे. अठरा गेजच्या पाइपावर मात्र तो हातातून निसटतो. कारागीर क्षणभर ठिणगी पाडतो, उचलतो, लाली विरू देतो आणि पुन्हा टेकवतो. हात कसलेला नसेल तर चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात भोक बुजवत बसावं लागतं.

मिग वेल्डिंग याच अडचणीला नंतर उपयोगी पडलं, पण ते जन्मलं वेगळ्या कामासाठी. १९४८ मध्ये अमेरिकेच्या बॅटेल संस्थेत ते ॲल्युमिनियमसाठी विकसित झालं. तार सतत पुढे सरकते आणि भोवती गॅसचं आवरण असतं. तो गॅस महाग होता. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी साधा कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि पोलादासाठी हे तंत्र परवडू लागलं. आपल्याकडच्या दुकानांत त्याला आजही सीओटू वेल्डिंगच म्हणतात. पातळ पत्र्यासाठीचं खरं वळण त्याच दशकाच्या अखेरीस आलं. बारीक तार आणि कमी व्होल्टेज ठेवलं की तार वितळलेल्या धातूला टेकते, तुटते आणि पुन्हा टेकते. हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं. रॉडवाला हाताने जी उचल-टेक करत होता, ती आता तारच करू लागली.

मशीनवर मुख्य बटणं दोन. एक तारेच्या वेगाचं, आणि तारेबरोबर अँपिअर वाढतात. दुसरं व्होल्टेजचं, त्यावर ठिणगीची लांबी ठरते. अठरा गेजला ०.८ मिलिमीटरची तार, साठ ते पंचाहत्तर अँपिअर, सोळा ते अठरा व्होल्ट, तार मिनिटाला चार मीटरच्या आसपास आणि गॅस मिनिटाला दहा-बारा लिटर, इथून सुरुवात करावी. सोळा गेजला अँपिअर नव्वदच्या आसपास न्यावेत. आर्गनमिश्रित गॅस असेल तर त्याच तारेला नुसत्या सीओटूपेक्षा एक-दोन व्होल्ट कमी लागतात. व्होल्ट कमी पडले तर तार जॉबला ठोसे देत हातातली गन मागे ढकलते आणि वेल्ड दोरीसारखा उंच बसतो. जास्त झाले तर ठिणगी लांबते, छर्रे उडतात आणि पत्रा फाटतो. बरोबर जमलं की सारखी तडतड ऐकू येते. अनुभवी कारागीर आकड्यांपेक्षा त्या आवाजावर बटण फिरवतो आणि आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर जमवून मगच जॉबला हात लावतो.

लांब सांधा एका दमात ओढायचा नाही. इथे एक टाका, तिकडे एक टाका, अशी उष्णता वाटून द्यायची. उभ्या सांध्यावर वरून खाली यायचं. फट मोठी असेल तर मागे तांब्याची पट्टी धरायची. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वेल्ड त्याला चिकटत नाही. लहान मशीनबरोबर पुष्कळदा बिनगॅसची, आत फ्लक्स भरलेली तार मिळते. तिला गन सहसा निगेटिव्हला लागते, तर गॅसच्या भरीव तारेला पॉझिटिव्हला. तार बदलताना ही जोडणी बदलायची राहिली तर बटणं कितीही फिरवली तरी वेल्ड जमत नाही.

मशीनच्या पलीकडेही दोन गोष्टी आहेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर लाइनचा दाब उतरला की सोळा व्होल्टांचे चौदा होतात, त्यामुळे शेतांतले पंप एकदम चालू होण्याच्या वेळी सकाळचं सेटिंग दुपारी लागू पडत नाही. इन्व्हर्टरची मशीन हा चढउतार बऱ्यापैकी सांभाळते. वाऱ्यावर मात्र कुणाचा इलाज चालत नाही. हमरस्त्याच्या कडेला उघड्यावर काम करताना ट्रक गेला की गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं राहतात. म्हणून आत, शेडमध्ये चौकट सीओटूवर बनवायची आणि बाहेर ती भिंतीच्या क्लॅम्पला बसवताना रॉड घ्यायचा, अशी विभागणी फॅब्रिकेशनवाले करतात.