कापडाच्या भिंती आणि शेजाऱ्याची अदब

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. 'उर्दू' हा शब्द तुर्की आहे आणि त्याचा मूळ अर्थ लष्कराची छावणी, हे दर वर्षी नव्या वर्गाला सांगितले की मुलांना गंमत वाटते. दिल्लीतल्या बादशाही छावणीची, म्हणजेच दरबाराची भाषा ती 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला'. पुढे एवढे लांब नाव बोलण्यात झिजले आणि 'उर्दू' तेवढे राहिले. मराठीनेही छावणीतून पुष्कळ घेतले आहे. कनात तुर्कीतून आली, शामियाना फारसीतून, मुक्काम अरबीतून. पाल आणि राहुट्या तर अजूनही जत्रेत आणि वारीत उभ्या राहतात.

लढाई कोणी जिंकली हे इतिहासाची पुस्तके सांगतात. पण लढाई एक-दोन दिवसांची असते आणि मुक्काम महिनोन्‌महिने चालतो. त्या मुक्कामात हजारो माणसे एकमेकांना खेटून कशी राहत होती? झोपत कुठे, अंघोळ कुठे करत, कोणाच्या राहुटीत कोणी कसे शिरायचे, याबद्दल आपण फारसे विचारत नाही. मी राहते त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तर हा प्रश्न विचारायलाच हवा. इथे छावण्या शतकानुशतके पडत आल्या आणि आजही पडत आहेत.

आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. 1660 च्या पावसाळ्यात याच चाकणच्या संग्रामदुर्गाला शाहिस्तेखानाच्या फौजेने वेढा घातला होता. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा सुमारे दोन महिने लढला. किल्ल्यातल्यांचे हाल आपण वाचतो. बाहेर चिखलात, भिजलेल्या कापडाखाली पडलेल्या फौजेचा संसारही तेवढाच खरा होता.

मोगल छावणीची रचना अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त तपशिलाने दिली आहे. मधोमध बादशहाचा 'गुलालबार', म्हणजे निदान शंभर गज लांब-रुंद असे बंदिस्त आवार. जनान्याची जागा सगळ्यांत आतली. त्याभोवती दरबाराच्या जागा, मग शाहजादे, अमीर, बाजार. रात्री रस्ता सापडावा म्हणून चाळीस गजांहून उंच खांबावर 'आकाशदिया' लावत. त्या खांबाला सोळा दोरांचा ताण दिलेला असे. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो, की संध्याकाळी शेणाच्या आणि ओल्या लाकडांच्या धुरात आपला तंबू शोधणे मोठे अवघड होई. म्हणूनच प्रत्येक मुक्कामी प्रत्येकाची जागा तीच ठेवलेली असे. बादशाही तंबूंचे तर दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी उभा होत असे.

ही व्यवस्था थक्क करणारी आहे, पण तिच्यात आडोसा मिळत होता तो दर्जाप्रमाणे. बादशहाला कनातींवर कनाती, अमिराला एक कनात आणि शिपायाला, मोतद्दाराला, त्यांच्या बायकामुलांना उघडे आभाळ. एकांत ही मोठ्यांची मिरास होती.

याच्या तुलनेत शिवाजी महाराजांचे एक पत्र मला फार महत्त्वाचे वाटते. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. वैरण-दाणा बेताने वापरा, पावसाळा संपायच्या आत तो संपला तर तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, त्यांचे धान्य, भाजी, लाकडे उचलाल आणि मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. शेजारचे गाव म्हणजे लुटीचे ठिकाण नव्हे, हा त्याचा अर्थ. मग विषय येतो आगीचा. कोणी स्वयंपाकाचे चुलवण पेटते ठेवील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर जळती वात पळवील. एका खोपटाला आग लागली की गवताची सगळी गंजी, सगळी छावणी जाईल. एवढा मोठा राजा उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो, कारण छावणीत माझे आणि शेजाऱ्याचे यांच्यामध्ये गवताची एक काडी असते. पक्क्या घरातला निष्काळजीपणा बहुधा घरापुरता राहतो. पालातला निष्काळजीपणा शेजाऱ्याला जाळतो.

हज करून आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. एप्रिल 1997 मध्ये मीनाच्या मैदानातल्या तंबूंना आग लागली आणि तीनशेहून अधिक हाजी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथे न पेटणाऱ्या कापडाचे कायमचे तंबू उभारले गेले.

हे झाले जिवाचे. इज्जतीचे काय? सूरह नूरमध्ये (24:58) दिवसातल्या तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावताना आणि इशानंतर. या वेळी घरातल्या नोकराचाकरांनी आणि लहान मुलांनीसुद्धा विचारूनच आत यावे. आणि अबू दाऊदच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये येते, की पैगंबर (स.) कोणाकडे गेले तर दाराच्या अगदी समोर उभे राहत नसत. उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहून सलाम करत, कारण तेव्हा दारांना पडदे नसत. मला या हदीसमधले कारण महत्त्वाचे वाटते. पडदा लावायची जबाबदारी गरीब घरमालकावर टाकलेली नाही. ज्याच्या घरी पडदा नाही, त्याचा पडदा पाहुण्याने आपल्या उभे राहण्याने करायचा आहे.

पुन्हा छावणीकडे येऊ. 1809 मध्ये थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात फिरत होता. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. तो सांगतो, की बिनीवाला पुढे जाऊन जागा पाहतो आणि महाराजांच्या तंबूंच्या जागी लहानसा पांढरा झेंडा रोवतो. मग प्रत्येक बाजाराचा झेंडा आपल्या ठरलेल्या जागी लागतो. दुकानांच्या दोन रांगांमधून मैलोन्‌मैल लांब रस्ता तयार होतो. इथवर शिस्त. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरदारांचे जे तळ पडत, त्यांत माणसे, घोडी, उंट, बैल यांची एकच खिचडी असे. ब्रॉटनच्या लिहिण्यात साहेबी तुच्छता आहे, ती वजा करूनही चित्र स्पष्ट दिसते. मालकाच्या तंबूची जागा मोजून मापून आणि बाकीच्यांनी मावेल तिथे मावायचे.

याच शिंद्यांच्या पदरी साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा होते. नोकरी सोडून ते आळंदीला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला त्यांनी आजचे रूप दिले. त्याआधी, 1685 पासून, तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली होती. हैबतबाबांच्या रचनेत लष्कराची खूण लपत नाही. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या किती आणि मागच्या किती ते ठरलेले, निघण्याचा इशारा कर्ण्यावर, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आणि हाती दंड घेतलेले चोपदार. लष्कर वारीत आले, पण तलवार बाहेर ठेवून.

माउलींच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, म्हणणे ऐकून घेतो आणि मगच तिचे टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते. कोणाला कोणाचा त्रास झाला, हे सगळ्यांच्या देखत आणि त्याच दिवशी ऐकले जाते. शेजारधर्माची इतकी साधी कचेरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते. देहूतून निघाल्यावर तिची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे मी वर्गात अभिमानाने सांगते. पुढचा मुक्काम आकुर्डीत. त्या दिवसांत शहरातल्या कित्येक शाळांच्या खोल्या वारकऱ्यांसाठी उघडतात. एका वर्गात तीस-चाळीस माणसे झोपतात. भिंत नाही, कनातही नाही. तरी सीमा असते. पिशव्यांची एक रांग लावली की पलीकडची जागा बायकांची. झोपलेल्याला कोणी ओलांडून जात नाही, वळसा घालून जाते. पहाटे बायका अंघोळीला उठतात, तेव्हा पुरुष त्या बाजूला फिरकत नाहीत. हे नियम कुठे लिहून लावलेले नसतात. तरीही सगळे सुरळीत आहे असे म्हणता येणार नाही. टँकरच्या पाण्यावर, उघड्यावर, अर्ध्या अंधारात अंगावरच्या लुगड्यानिशी अंघोळ उरकणाऱ्या बायकांची कुचंबणा खरी आहे. फिरती शौचालये आली, ती अगदी अलीकडे. अदब कितीही असली तरी आडोसा लागतोच.

आपल्या शहरात आणखी एक छावणी आहे. तिचे नाव रोज तोंडात असते, पण अर्थ विसरला आहे: पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांना इथे वसवले गेले. आज तिथे कपड्यांची आणि किराणा मालाची मोठी बाजारपेठ आहे. त्याच काळात हजारो सिंधी कुटुंबे कल्याणच्या जुन्या लष्करी बराकींत उतरली. 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एकेका बराकीत अनेक कुटुंबे आणि त्यांच्यामध्ये गोणपाटाचे किंवा चादरींचे पडदे. काल हवेलीत राहणारी बाई आज पडद्याआड मुलाला पाजत होती आणि पलीकडे अनोळखी कुटुंबाचे भांडण ऐकू येत होते. फाळणीच्या कथांमध्ये आपण दोन्ही बाजूंचे रक्त मोजतो. गोणपाटाआडची ही लाज कोणी मोजली नाही. मुसलमान म्हणून मला ती मोजावीशी वाटते, कारण सीमेच्या पलीकडे गेलेल्या मुहाजिरांच्या तंबूंतही हीच लाज होती.

आणि आजची छावणी? चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, मोशी, कुठेही इमारतीचे काम सुरू झाले की शेजारी पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहते. तिला सगळे 'लेबर कॅम्प' म्हणतात. दहा बाय दहाची खोली, मध्ये पत्रा. पलीकडचा खोकला अलीकडे ऐकू येतो. कारखान्यातल्या एकट्या पोरांच्या खोल्यांत तर एकाच गादीवर दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला आळीपाळीने झोपतात. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेल्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या निवासात स्वयंपाकाची, अंघोळीची, धुण्याची आणि शौचाची वेगळी सोय मालकाने करावी असे सांगितले होते. कागदावर आडोसा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चार बांबूंना गुंडाळलेले फ्लेक्सचे कापड हीच बायकांची न्हाणी. अशा वस्तीतून शाळेत येणाऱ्या मोठ्या मुली मी शिकवल्या आहेत. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलीला विचारले तर कळते, की सगळे उठायच्या आत अंघोळ व्हावी म्हणून ती साडेतीनला उठते. दोन-चार महिन्यांनी त्यांतली एखादी यायची बंद होते. घरचे म्हणतात, मुलगी मोठी झाली, इथे ठेवण्यासारखी जागा नाही, गावी पाठवली.

म्हणून हा इतिहास. गुलालबार असो की ब्रॉटनने पाहिलेला तळ, जागा मोजून मिळाली ती मालकाला. उरलेल्यांनी आपापसांतल्या अदबीवर निभावले. वारीने ती अदब सर्वांची केली आणि तक्रार ऐकायला चोपदार दिला. लेबर कॅम्पातही माणसे अदब पाळतात. शेजारीण अंघोळीला गेली की दुसरी बाई बाहेर उभी राहते, हे मी पाहिले आहे. तिथे नाही तो चोपदार. कोणाचा टाळ वाजत राहिला आहे, हे ऐकायला कोणी येत नाही.

आम्ही शिक्षक शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी या वस्त्यांत जातो. कोणी खाऊ वाटायला जाते, कोणी फोटो काढायला, तर आपल्यातले काही जण रमजानमध्ये जकातीचे वाटप करायला. जाताना एवढे करता येईल. पत्र्याच्या दाराच्या अगदी समोर उभे राहू नये. बाजूला थांबून हाक द्यावी, बाई पदर सावरून बाहेर येईपर्यंत वाट पाहावी. खोलीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आणि परत निघताना ठेकेदाराला दोनच प्रश्न विचारावेत: बायकांची न्हाणी कुठे आहे, आणि तिला आतून कडी आहे का?