ओहमचा नियम आणि मालवणचा दिवा

मालवणच्या किनाऱ्यावर एके काळीं दिव्याचें तेल उंडीच्या बियांतून निघे. पुढें घासलेट आलें. विजेचा दिवा त्याहून पुष्कळ उशिरां. परंतु या गांवांतील घरांत समई आणि चिमणी जळत होती, त्याच काळीं येथून बोटीनें मुंबईस गेलेले तरुण परळ-लालबागच्या गिरण्यांत विजेवर चालणाऱ्या यंत्रांपुढें उभे होते. ती वीज सह्याद्रीवरच्याच पावसाची होती. ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांतलें पाणी नळांतून सुमारें १७०० फूट खालीं येई, आणि तेथें निपजलेली वीज चाळीस मैलांहून अधिक अंतर तोडून परळास पोंचे. तारांतील दाब १,००,००० व्होल्ट ठेवला होता. एवढा भयंकर दाब कशासाठीं, याचें उत्तर शोधूं गेल्यास एका जर्मन शाळामास्तरापाशीं जावें लागतें.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १७८९ सालीं एर्लांगेन येथें झाला. बाप कुलुपें करणारा कारागीर. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारेंतून किती वीज वाहते हें कशावर अवलंबून असतें, एवढाच त्याचा प्रश्न होता. पण तो सोडविण्यास साधनें धड नव्हतीं. व्होल्टाच्या विद्युत्घटाचा दाब प्रयोग चालू असतांनाच उतरे, त्यामुळें १८२५ सालीं त्यानें छापलेलें पहिलें सूत्र साफ चुकलें. मग पोगेंडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यानें तांबें व बिस्मथ यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यांत ठेवला, दुसरा बर्फांत. दाब स्थिर झाला. आतां सारख्या जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तारा एकामागून एक लावतांच नियम आपोआप उघडा पडला. १८२७ सालीं त्याचें पुस्तक बर्लिन येथें निघालें. विद्वानांनीं त्याचें स्वागत थंडपणानें केलें. हवी ती प्राध्यापकी मिळाली नाहीं, आणि कोलोनची नोकरीही सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कोप्ली पदक दिलें, तेव्हां कोठें त्याच्या देशबांधवांना जाग आली! म्युनिकचें अध्यापकपद मिळालें तें १८५२ सालीं. दोनच वर्षांनीं तो वारला.

नियम इतका साधा आहे कीं, पाटाचें पाणी पाहिलेल्या कोंकणी माणसास तो परका वाटूं नये. टांकी जितकी उंच तितकें पाणी जोरानें येतें. पाट जितका अरुंद व लांब तितकें तें अडतें. विजेचा दाब म्हणजे ती उंची, आणि तारेचा रोध म्हणजे ती अडवणूक. दाबाला प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध मिळतो. या मापांना व्होल्ट, अँपिअर व ओहम हीं नांवें १८८१ सालच्या पॅरिस येथील परिषदेंत मान्य झालीं.

दुसरा अर्धा भाग मँचेस्टरकडील मद्य गाळणाराच्या मुलानें, जेम्स जूल यानें पुरा केला. तार किती तापते तें त्यानें पाण्यांत बुडवून मोजलें आणि १८४१ च्या सुमारास दाखविलें कीं, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या गुणाकाराप्रमाणें वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ति. तिचें माप वॅट.

आतां खोपोलीचा हिशेब पाहावा. सोपेपणासाठीं एकच जोडतार धरूं व तिचा रोध १० ओहम मानूं. १०,००० किलोवॅट शक्ति १,००,००० व्होल्टनें पाठविल्यास प्रवाह १०० अँपिअर होतो, आणि तारेंत १०० किलोवॅट, म्हणजे शेंकडा एक, वाया जाते. तीच शक्ति १,००० व्होल्टनें पाठवूं म्हटल्यास प्रवाह १०,००० अँपिअर हवा, व तारेंतील नाश १० लक्ष किलोवॅट भरतो! पाठवावयाच्या शक्तीच्या शंभरपट नाश. अर्थात् अशी योजना कागदावरच मरते.

हाच हिशेब आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाडीवाडींत लागू पडतो. लांबच्या वाडीस जाणाऱ्या तारांचा, जाण्यायेण्याचा मिळून, रोध १ ओहम आहे असें समजा. सायंकाळीं दिवे व पंप एकदम सुरू होऊन प्रवाह ५० अँपिअर झाला कीं वाटेंतच ५० व्होल्ट खर्च होतात. २३० चे १८० उरतात. १,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारें ४.३५ अँपिअर घेते, म्हणून तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास. १८० व्होल्टवर तीच शेगडी ३.४ अँपिअर घेते आणि ६१२ वॅटच देते. दाब पंचमांशाहून थोडा अधिक उतरला, पण उष्णता जवळजवळ दोनपंचमांशानें घटली. भात शिजावयास उशीर कां लागतो, हें घरांतील गृहिणीस सूत्रावांचून कळलेलेंच असतें.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रु आहे, तो खारा वारा. तांब्याच्या जोडावर हिरवट थर चढतो, आंवळलेला स्क्रू सैल होतो, आणि जेथें रोध जवळजवळ शून्य असावा तेथें अर्धा ओहम निर्माण होतो. १० अँपिअरच्या प्रवाहांत त्यामुळें ५ व्होल्ट जातात. दिव्याकडे पाहून कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. परंतु त्या नखाएवढ्या जागेंत ५० वॅटची उष्णता एकसारखी निपजत असते. प्रवाह नेमलेल्या मर्यादेंतच असल्यामुळें फ्यूज वितळत नाहीं, आणि मागची लांकडी पाटी हळूहळू काळी पडत जाते.