रक्त आणि मूत्रपिंडाचे आजार

१८२१ साली प्रेव्हो आणि ड्युमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढून पाहिली. रक्तात युरिया साचला. म्हणजे युरिया मूत्रपिंडात तयार होत नाही, तिथे तो फक्त गाळला जातो. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. पुढे ‘ब्राइटचा आजार’ या एकाच नावाखाली कितीतरी निरनिराळे आजार मोडू लागले. १८८६ मध्ये याफे यांनी क्रिएटिनिनची पिक्रिक आम्लाशी होणारी रंगक्रिया दाखवली. पुढे तिच्याच आधाराने रक्तातील क्रिएटिनिन मोजता आले.

पण गाळणी किती तुंबली एवढेच ही द्रव्ये सांगतात. कशाने, ते नाही. त्यासाठी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागतो. २००९ मध्ये बेक, सालांट व सहकाऱ्यांना प्राथमिक ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’च्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या रक्तात गाळणीतील एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. ती सापडली आणि बाकीची लक्षणे जुळली, तर काही रुग्णांत तुकडा काढणे टळते. न सापडल्यास मात्र आजार नाहीच, असे म्हणता येत नाही.

कोडोलीसारख्या गावातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेणे अवघड असते; रक्ताची नळी पाठवणे त्या मानाने सोपे.