उन्हाळ्यातला झेंडा : यवतमाळचा १ मे

आपल्या सार्वजनिक दिनविशेषांपैकी २६ जानेवारी थंडीत येतो आणि १५ ऑगस्ट पावसात. उन्हाळ्याच्या वाट्याला आला तो १ मे. या दिवसाचे जे चित्र पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून आपल्यासमोर उभे राहते ते बहुतांशी मुंबईचे आहे : हुतात्मा चौक, शिवाजी पार्क, राजभवनावर मध्यरात्री पंडित नेहरूंच्या हस्ते झालेले नव्या राज्याचे उद्घाटन. मुंबईपासून इतक्या दूर, पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या मधल्या यवतमाळ जिल्ह्यात हा दिवस घराघरांत कसा पोचला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हांला तो विचारण्याजोगा वाटतो; कारण हा दिवस येथे आनंदाचा आहे तसा वादाचाही आहे, आणि या दोन्ही गोष्टींची मुळे एकाच जिल्ह्यात सापडतात.

आधी थोडा इतिहास. यवतमाळ हा जुन्या वऱ्हाडाचा भाग. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९४० साली यवतमाळात जन्मलेल्या मुलाने गाव न सोडता, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चार राज्यांचा पत्ता लिहिला असणार! राज्य ही त्या पिढीला जन्मसिद्ध वाटणारी गोष्ट नव्हती. ती डोळ्यांदेखत बदलणारी, करारांनी ठरणारी गोष्ट होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला आश्वासने दिली गेली : लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या संधींत योग्य वाटा, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा १ मे १९६० ला येथल्या लोकांनी जो झेंडा पाहिला तो आश्वासनाचा होता, तसाच एका नाकारलेल्या शिफारशीचाही होता.

या दोन्ही बाजूंची माणसे यवतमाळनेच दिली. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० चा, वणीचा. १० जुलै १९३० रोजी पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला. टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिणाऱ्या आणि त्यासाठी १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या माणसाचा मराठीवरचा जीव कोणी नाकारणार नाही. तरीही वेगळ्या विदर्भाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते, आणि महाराष्ट्र झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, नागपूरच्या मतदारांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. दुसरे नाव वसंतराव नाईक यांचे. पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यावर १९१३ मध्ये जन्मलेले नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. एकाच जिल्ह्यातून या राज्याला सर्वांत विद्वान विरोधक मिळाला आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेला मुख्यमंत्रीही मिळाला. यवतमाळचा १ मे या दोघांना एकत्र ठेवल्याशिवाय समजत नाही.

आता खेड्यातली सकाळ पाहू. कापसाची उलंगवाडी झालेली असते, पऱ्हाट्या उपटून शेते मोकळी झालेली असतात. ऊन आठ वाजताच अंगावर येते, म्हणून झेंडावंदन लवकर उरकले जाते. पोलीस परेड, मंत्र्यांचे भाषण हे जिल्ह्याच्या ठिकाणी. गावात मात्र १ मे म्हणजे शाळेचा निकाल. झेंडावंदन झाले की गुरुजी वर्गावर्गाची गुणपत्रके वाटतात, ही मराठी शाळांची अनेक वर्षांची रीत. इस्त्रीचा गणवेश घातलेली मुले, कडेवर धाकटे घेऊन आलेल्या आया, पास झाल्याचे पेढे किंवा नुसत्या गोळ्या, आणि मग मामाच्या गावाची एस. टी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडत आल्या आहेत. त्यामुळे येथे सुटीही लांब आणि या सकाळचे अप्रूपही अधिक. याच सुमारास अक्षय्य तृतीया येते, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, आमरस-कुरडयांचे ताट होते. लग्नसराईही ऐन भरात असते. राज्याचा सण असा कुटुंबाच्या सणांत मिसळून जातो.

पण ही शाळा येथे आली कुठून? १ मे हा जसा राज्याचा वाढदिवस आहे तसा जिल्हा परिषदांचाही आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, तेव्हाचे महसूलमंत्री, होते वसंतराव नाईक. समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गहुलीसारख्या तांड्यावरून आलेल्या माणसाने राज्य जिल्ह्यापर्यंत, आणि जिल्हा शाळेच्या पटांगणापर्यंत आणून ठेवला. ज्या मुलाला मुंबई म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्याला राज्य भेटले ते गुणपत्रकाच्या रूपाने. आमच्या मते १ मे यवतमाळात रुजला तो भाषणांनी नव्हे, या पटांगणाने.

तरी वादाची बाजू पुसली गेलेली नाही. विदर्भवादी संघटना हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तेथल्या कामगारांसाठी १ मे आधी कामगार दिन आहे, आणि या अर्थाने तो राज्याहून जुना आहे, कारण भारतात तो १९२३ मध्ये मद्रासला प्रथम साजरा झाला. म्हणजे बापूजींच्या जन्मगावी एकाच सकाळी तिरंगा, लाल झेंडा आणि निषेधाची काळी फीत अशा तिन्ही खुणांना जागा आहे. यांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या, असे म्हणण्याचे धाडस इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये. निषेध करणाराही नागपूर कराराचाच हवाला देतो. दिलेला शब्द विसरला गेला, असे तो म्हणतो. शब्द दिलाच नव्हता, असे नव्हे. मागास भागांसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी, राज्याच्या साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री संपली, हा योगायोग अशा वेळी फार बोलका वाटतो. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या छायेत पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, त्यांत यवतमाळ होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हे राज्य भाषेच्या आधारावर झाले. परंतु यवतमाळच्या कितीतरी घरांत निकालाची बातमी मराठीत सांगितली जात नाही. कोलामांच्या पोडांवर ती कोलामीत, गोंडांच्या घरी गोंडीत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटीत सांगितली जाते. मराठी राज्याचा सर्वाधिक काळचा मुख्यमंत्री ज्या तांड्यातून आला त्या तांड्याची बोली मराठी नव्हती. भाषिक राज्य म्हणजे एकाच भाषेची घरे नव्हेत, हे यवतमाळइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राजा बढे यांचे, म्हणजे नागपूरच्या कवीचे. त्याच्या मूळ पाठात वरदेचे, आपल्या वर्धा नदीचे, नाव येते. विदर्भाने या राज्याला गाणे दिले आणि त्यावर आक्षेपही घेतला. दोन्ही देणी स्वीकारण्याइतके मोठे मन राज्याकडे असायला हवे.

निकाल वाटून झाले, मुले पांगली, की गावात ग्रामसभा भरते. वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक १ मे रोजी असते. बरेचदा गणसंख्या भरत नाही आणि सभा तहकूब होते. पण जेथे ती भरते तेथे टँकर, रोजगार हमीची कामे, शाळेची गळकी खोली यांवर बोलले जाते. राज्याने दिलेल्या शब्दाचा हिशेब मागण्याची ही सर्वांत लहान आणि सर्वांत हक्काची जागा आहे. झेंड्याला वंदन करून त्याच झेंड्याखाली प्रश्न विचारता येतो, ही सोय अणे आणि नाईक या दोघांनाही मान्य झाली असती, असे आम्हांला वाटते.