यीस्ट आधी की बेडूक आधी?

अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका आपण सहसा वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. वस्तुतः एखादी विद्याशाखा स्वतःकडे कशी पाहते हे प्रस्तावनेपेक्षा तिथेच अधिक कळते. महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

टी. एच. हक्सले 1854 मध्ये लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकवू लागले. वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास ही मुळात एकच विद्या, दोन शाखा ही निव्वळ सोय, असे त्यांचे मत लवकरच बनले. ते अमलात आणायला हवी ती प्रयोगशाळा मात्र 1870 नंतरच, साउथ केन्सिंग्टनला मिळाली. तिथे त्यांनी शाळाशिक्षकांसाठी वर्ग घेतले. आधी व्याख्यान, मग त्यात ऐकलेले सूक्ष्मदर्शकाखाली किंवा विच्छेदनाच्या तबकात ज्याचे त्याने पाहायचे, अशी रीत होती. एच. एन. मार्टिन यांच्या साहाय्याने 1875 मध्ये त्याचे पुस्तक झाले. मार्टिन पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ही पद्धत समुद्रापार गेली.

पुस्तकात मोजकेच जीव आहेत. आरंभी यीस्ट, मग अमीबा, जीवाणू, बुरशी, नेचा, बीनचे रोप, हायड्रा, शिंपला, क्रेफिश आणि शेवटी बेडूक. साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारा हा क्रम आहे. डार्विनच्या ग्रंथानंतर सोळा वर्षांनी तो निरागस असणे शक्य नव्हते. उत्क्रांतीवर एकही प्रकरण न लिहिता अनुक्रमणिकाच युक्तिवाद करते.

परंतु 1888 च्या सुधारित आवृत्तीत हाच क्रम उलटा झाला. बेडूक पहिला आला. अननुभवी विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखालचा एक अर्धपारदर्शक ठिपका दाखवून 'हा जीव' म्हणणे तर्काला धरून असले, तरी शिकवण्याला धरून नव्हते. हाडे, हृदय, आतडी यांची तोंडओळख त्याला असते. तेव्हा ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाच्या अनुभवाने पटवले. स्वतःच्या सर्वांत सुबक रचनेविरुद्ध वर्गाची साक्ष मान्य करणे मला धाडसाचे वाटते. आपण वाङ्मयेतिहास शिकवणारे अजून महानुभावांपासूनच सुरुवात करतो. तेराव्या शतकातले गद्य पहिल्याच आठवड्यात समोर आलेल्या मुलाला तो ठिपकाच दिसत असणार. (आणि 'प्रातिनिधिक' कवितेवरून अख्खा कालखंड ओळखण्याची आपली सवय तरी बेडकाहून कितीशी वेगळी? फरक इतकाच, की तिथे बेडूक विद्यार्थ्याने स्वतः उघडलेला असे. आपल्याकडे मार्गदर्शिका तो उघडूनच देते.)

1884 मध्ये हक्सलेंच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांत एच. जी. वेल्स होते. कादंबरीकार म्हणून नाव होण्यापूर्वी, 1893 मध्ये, त्यांनी परीक्षार्थींसाठी जीवशास्त्राचे क्रमिक पुस्तक लिहिले. लंडन विद्यापीठाचा परीक्षाक्रम समोर ठेवून बेतलेल्या त्या पुस्तकाची सुरुवात यीस्टपासूनही नाही आणि बेडकापासूनही नाही. ती सशापासून आहे.